एक डावं बटण, तीन कामं: पीडीएफ आणि इतर दस्तऐवजांतल्या लिंक माऊसने हव्या तशा उघडण्यासाठी

पीडीएफ वाचताना आपण माऊसच्या डाव्या बटणाकडून एकाच जागी तीन कामं मागतो: पान धरून सरकवणं, मजकूर निवडणं आणि लिंक उघडणं. वेबपानावर हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे पान धरून ओढायची सवय कोणाला नसते. दस्तऐवज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र तिन्ही कामं त्या एकाच बटणावर येऊन आदळतात, आणि कोणाला पहिला मान द्यायचा हे प्रत्येक व्ह्यूअर आपापल्या पद्धतीने ठरवतो. म्हणून एका व्ह्यूअरमध्ये मुरलेला हात दुसऱ्यात गेला की लिंक उघडायच्या ऐवजी पान हलतं, किंवा मजकूर निवडायला जावं तर ब्राउझर उघडतो. 'माझी लिंक चालत नाही' या तक्रारीत अनेकदा लिंक चांगलीच असते. क्लिकचा अर्थ वेगळा लावला गेलेला असतो, एवढंच.

क्लिक कधी क्लिक राहतो आणि कधी ओढणं होतं

बटण दाबलं, त्या क्षणी लिंक सहसा उघडत नाही. बटण सुटेपर्यंत व्ह्यूअर थांबतो आणि मधल्या वेळात पॉइंटर किती सरकला ते मोजतो. ठरलेल्या अंतरापेक्षा कमी सरकला तर तो क्लिक, जास्त सरकला तर ते ओढणं. विंडोजमध्ये हे अंतर मुळात ४ पिक्सेल असतं. जीटीके आणि क्यूटी हे प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बांधायचे तयार संच. लिनक्सवरच्या जीटीके प्रोग्रॅममध्ये ८ पिक्सेल, तर क्यूटीवर बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये १०. फरक छोटा वाटतो, पण वेगवान माऊस आणि दाट पिक्सेलचा पडदा असेल तर बोट उचलतानाच पॉइंटर चार-पाच पिक्सेल सहज घसरतो. मग लिंकऐवजी दोन अक्षरं निळी होतात आणि पुढे काहीच घडत नाही.

एक्सपीडीएफ या जुन्या व्ह्यूअरच्या तिसऱ्या पिढीत हा हिशोब उघडाच मांडलेला होता. डावं बटण दाबलं की निवड सुरू. सुटलं की निवड संपवायची, आणि काहीच निवडलं गेलेलं नसेल तरच लिंकच्या मागे जायचं. आजच्या बहुतेक व्ह्यूअरची वागणूक याच नियमाच्या जवळपासची आहे, फक्त तो कुठे लिहून दाखवलेला नसतो.

यावर उपाय दोन. पहिला सोपा: पानाचा आकार १५० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि मग क्लिक करा. लिंकचा चौकोन मोठा होतो आणि नेम चुकत नाही, मात्र पॉइंटर घसरण्याचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा उपाय मुळावरचा. विंडोजमध्ये रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदी बदलणारा प्रोग्रॅम) उघडा, चालू वापरकर्त्याच्या विभागात कंट्रोल पॅनेल आणि त्याखाली डेस्कटॉप इथे जा. तिथे ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट या दोन नोंदी आहेत. दोन्हींची किंमत ४ वरून ८ किंवा १० करा, साइन आउट करून परत या. हात कापत असेल किंवा टचपॅडवर काम असेल तर हा बदल फार उपयोगी पडतो. मात्र तो सगळ्या विंडोजला लागू होतो, म्हणून २० किंवा ३० पर्यंत नेऊ नका. फाइल ओढताना ती जागची हलत नाही असं वाटायला लागेल. स्वतःचंच अंतर वापरणारे काही प्रोग्रॅमही असतात, त्यांच्यावर या बदलाचा परिणाम दिसणार नाही.

एकाच क्लिकला लिंक दोनदा उघडत असेल, तर दोष बहुधा माऊसचा असतो. आतली कळ झिजली की एका दाबात दोन संकेत जातात. तपासायला नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये एखाद्या शब्दावर सावकाश एकदाच क्लिक करा. पाच-दहा वेळांत एकदा जरी अख्खा शब्द निवडला गेला, तर माऊस आपल्या मनाने डबलक्लिक करतो आहे. अशा वेळी सेटिंग ढवळत बसू नका, माऊस बदला.

दस्तऐवजात लिंक म्हणजे काय असतं

पीडीएफमध्ये लिंक मजकुराला चिकटलेली नसते. मजकूर वेगळा, आणि त्याच्यावर ठेवलेला एक अदृश्य चौकोन वेगळा. चौकोनाला एक कृती जोडलेली असते, आणि या कृतीचे प्रकार ओळखता आले की अर्धं कोडं सुटतं.

वेबपत्ता उघडणं हा एक प्रकार. याच दस्तऐवजातल्या दुसऱ्या पानावर नेणं हा दुसरा. अनुक्रमणिका, तळटीपा, संदर्भक्रमांक सगळे यात येतात. दुसऱ्या पीडीएफ फाइलमधल्या जागी नेणं हा तिसरा. एखादी फाइल किंवा प्रोग्रॅम सुरू करणं हा चौथा, आणि सगळ्यांत जास्त अडवला जाणारा.

इथे एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. दुसऱ्या पीडीएफकडे नेणाऱ्या आणि फाइल सुरू करणाऱ्या कृतीत 'नवी खिडकी उघड' अशी सूचना दस्तऐवज बनवणारा लिहून ठेवू शकतो. वेबपत्त्याच्या कृतीत अशी सोयच नाही. तिथे पत्ता असतो, बाकी काही नाही. म्हणून 'माझ्या पीडीएफमधली लिंक नेहमी नव्या टॅबमध्ये उघडली पाहिजे' हा आग्रह लेखकाने धरून उपयोग नसतो. ते वाचणाऱ्याच्या हातात आहे, म्हणजेच त्याचा व्ह्यूअर आणि क्लिक करताना त्याने दाबलेली की यांच्या हातात.

शिवाय लिंकसारख्या दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी लिंक नसतात. पानावर पत्ता छापलेला आहे, पण त्यावर चौकोन नाही, अशी पीडीएफ खूप आढळते. काही व्ह्यूअर अशा मजकुरातून पत्ता ओळखून तिथल्या तिथे लिंक तयार करतात. विंडोजवरचा सुमात्रा पीडीएफ हा व्ह्यूअर आणि क्रोमचा अंगभूत व्ह्यूअर हे करतात. अॅक्रोबॅट रीडरमध्ये त्यासाठी वेगळं सेटिंग आहे, ते पुढे येईल. ही ओळख अंदाजाने होते, त्यामुळे तिच्या चुकाही ठरलेल्या: पत्ता ओळीच्या शेवटी तुटला असेल तर पहिला तुकडाच लिंक होतो, वाक्याचा पूर्णविराम किंवा कंस पत्त्याला चिकटतो, आणि ओळ तोडताना टाकलेलं जोडचिन्ह पत्त्याचाच भाग समजलं जातं. तीच फाइल एका व्ह्यूअरमध्ये 'चालते' आणि दुसऱ्यात नाही, यामागे पुष्कळदा हेच असतं.

आधी एक चाचणी-फाइल बनवा

सेटिंग बदलण्याआधी हातात एक छोटी फाइल असावी. दहा मिनिटांचं काम आहे, पण नंतर नव्या व्ह्यूअरची परीक्षा दोन मिनिटांत होते. लिब्रेऑफिस रायटरमध्ये असं करा.

१. दोन पानांचा दस्तऐवज घ्या. पहिल्या पानावर एक वेबपत्ता लिंक म्हणून घाला. त्यासाठी कंट्रोल आणि के.

२. दुसऱ्या पानावर एक मथळा द्या आणि पहिल्या पानावरून त्याच्याकडे लिंक करा. त्याच खिडकीत 'डॉक्युमेंट' हा भाग निवडला की मथळा निवडता येतो.

३. त्याच फोल्डरमध्ये दुसरी एक पीडीएफ ठेवा आणि तिच्याकडे लिंक करा.

४. एक वेबपत्ता नुसता मजकूर म्हणून टाइप करा. रायटर त्याची आपोआप लिंक करेल. लगेच कंट्रोल-झेड एकदा दाबलं की मजकूर राहतो, लिंक जाते.

५. एक लांबलचक पत्ता असा घाला की तो दोन ओळींवर जाईल.

६. फाइल, एक्स्पोर्ट अॅज, एक्स्पोर्ट अॅज पीडीएफ. खिडकीतल्या 'लिंक्स' या पानावर पत्ते फाइलच्या जागेच्या सापेक्ष ठेवण्याचा पर्याय सुरू करा आणि फाइल बाहेर काढा.

आता व्ह्यूअरमध्ये या पाचही लिंकवर क्रमाने नुसता डावा क्लिक, कंट्रोलसह, शिफ्टसह, मधल्या बटणाने आणि उजव्या बटणाने करून पाहा. जे घडेल ते कागदावर लिहा. लक्षात राहील असं वाटतं, पण पंचवीस नोंदी डोक्यात राहत नाहीत.

अॅक्रोबॅट रीडर

अॅक्रोबॅटमध्ये निवडीचा बाण आणि हाताचा पंजा या दोन्ही साधनांत डाव्या क्लिकने लिंक उघडते. पॉइंटरचं बोट दिसलं की खाली लिंक आहे. निवडीच्या बाणात असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता पंजा मिळतो, म्हणजे पान सरकवायला साधन बदलत बसावं लागत नाही. याउलट हायलाइट करण्याचं किंवा शेरा लिहिण्याचं साधन हातात असेल तर क्लिक त्या साधनाकडे जातो, लिंककडे नाही. एस्केप दाबून साधन सोडा आणि मग क्लिक करा.

कंट्रोल-के दाबून प्रेफरन्सेस उघडा. बघण्यासारख्या जागा चार:

'जनरल' विभागात 'क्रिएट लिंक्स फ्रॉम यूआरएल्स' हा पर्याय आहे. नुसत्या छापलेल्या पत्त्यांची लिंक व्हायला हवी असेल तर तो सुरू ठेवा. मजकूर कॉपी करताना पत्त्यांवर सारखा क्लिक पडून वैताग येत असेल तर बंद करा; खऱ्या लिंक तरीही चालतील.

त्याच विभागात नवे दस्तऐवज त्याच खिडकीत टॅब म्हणून उघडायचे की वेगळ्या खिडकीत, हा पर्याय आहे. तो बदलल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

'डॉक्युमेंट्स' विभागात एका पीडीएफमधून दुसऱ्या पीडीएफकडे जाणाऱ्या लिंक त्याच खिडकीत उघडाव्यात का, हे ठरतं. सुरू असेल तर चालू फाइल बंद होऊन तिच्या जागी नवी येते. एकातून दुसरीकडे सतत उड्या मारायच्या असतील तर हे बंद ठेवलेलं बरं. आणि एखाद्या वेळेपुरतं उलट हवं असेल, तर कंट्रोल धरून लिंकवर क्लिक करा; सेटिंग जे असेल त्याच्या विरुद्ध घडतं. ही छोटी सोय बरेच जण वर्षानुवर्षं वापरत नाहीत, कारण ती मेनूत कुठेच दिसत नाही.

'ट्रस्ट मॅनेजर' विभागात इंटरनेटच्या लिंकबाबत 'चेंज सेटिंग्ज' असं बटण आहे. तिथे सगळ्या साइटना परवानगी, सगळ्यांना बंदी, किंवा स्वतःची यादी असे पर्याय मिळतात. लिंकवर क्लिक केल्यावर चौकट येते तेव्हा 'ही निवड लक्षात ठेव' यावर खूण करून घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं, तर ती साइट या यादीत बंद म्हणून बसते आणि पुढे कुठल्याही पीडीएफमधून उघडत नाही. लिंक अचानक मुकी झाली असेल तर पहिल्यांदा इथे पाहा. यादीतली नोंद काढून टाका. 'सगळ्यांना परवानगी' मात्र देऊ नका. अनोळखी पीडीएफमधली लिंक उघडण्याआधीची ती एकच विचारणा असते.

आतल्या लिंकने दुसऱ्या पानावर गेल्यावर परत येण्यासाठी ऑल्ट आणि डावा बाण. तळटिपा वाचणाऱ्याला ही जोडी बोटांत बसवावीच लागते.

ब्राउझरमधले व्ह्यूअर

फायरफॉक्समध्ये पीडीएफमधल्या लिंकही वेबपानावरच्या लिंकसारख्याच बनवलेल्या असतात, त्यामुळे सवयी तशाच चालतात: कंट्रोल-क्लिक किंवा मधलं बटण म्हणजे नवा टॅब, शिफ्ट-क्लिक म्हणजे नवी खिडकी. नुसता डावा क्लिक मात्र त्याच टॅबमध्ये पत्ता उघडतो आणि वाचत असलेली पीडीएफ दृष्टीआड जाते. हे कायमचं बदलता येतं. पत्त्याच्या पट्टीत अबाउट-कॉन्फिगचं पान उघडा आणि शोधात 'एक्स्टर्नल लिंक टार्गेट' हे शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. पीडीएफजेएस या नावाने सुरू होणारी नोंद सापडेल. तिची किंमत ० असते. ती २ केली की बाहेरच्या लिंक नव्या टॅबमध्ये उघडतात. दस्तऐवजातल्या पानांकडे जाणाऱ्या लिंकवर याचा परिणाम होत नाही, आणि होऊही नये.

क्रोममध्ये असं सेटिंग नाही, पण कंट्रोल, शिफ्ट आणि मधल्या बटणाची वागणूक वेबपानासारखीच आहे. नुसत्या क्लिकने पीडीएफच्या जागी नवं पान येतं. मागे गेल्यावर पीडीएफ पुन्हा भरली जाते आणि तुम्ही होता तेच पान समोर येईल याचा भरवसा धरू नका. लांब अहवाल वाचत असाल तर कंट्रोल-क्लिकची सवय लावून घ्या.

मधल्या बटणाची एक गंमत: विंडोजमध्ये ते लिंकच्या जरा बाहेर पडलं तर ब्राउझर आपोआप पान सरकवण्याच्या अवस्थेत जातो. गोल खूण दिसते आणि पान पळायला लागतं. घाबरू नका, आणखी एकदा क्लिक केलं की थांबतं. टचपॅडवर मधलं बटण नसतं. विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये तीन बोटांच्या टिचकीला 'मिडल माऊस बटण' हे काम देता येतं. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड धरा. तिथे कंट्रोल-क्लिक म्हणजे उजवा क्लिक.

फाइल किंवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लिंक ब्राउझरमध्ये चालण्याची अपेक्षा ठेवू नका. वेबवरून आलेल्या पानाने तुमच्या डिस्कवरची फाइल उघडू नये म्हणून ब्राउझर ते मुद्दाम रोखतात. तशी फाइल उतरवून घ्या आणि स्वतंत्र व्ह्यूअरमध्ये उघडा.

ऑक्युलर, एव्हिन्स, सुमात्रा, झथुरा

ऑक्युलर, एव्हिन्स आणि झथुरा हे मुख्यतः लिनक्सवरचे व्ह्यूअर. ऑक्युलरमध्ये साधनं स्पष्ट वेगळी आहेत. कंट्रोल-१ म्हणजे ब्राउझ, आणि लिंकसाठी हेच साधन: डाव्या बटणाने पान ओढलं जातं आणि लिंक उघडते. कंट्रोल-४ म्हणजे मजकूर निवडणं. लिंक उघडत नसेल तर आधी कंट्रोल-१ दाबा. तरीही क्लिकने रेघा किंवा चौकटी उमटत असतील तर शेऱ्यांचं एखादं साधन टाचणी लावून कायम सुरू राहिलेलं आहे, एस्केप दाबा. उजव्या क्लिकच्या मेनूत लिंकचा पत्ता कॉपी करण्याचा पर्याय आहे. आणि लिंक नसलेला पत्ता मजकूर म्हणून निवडून उजवा क्लिक केला तर मेनूत 'त्या पत्त्यावर जा' अशा अर्थाची ओळ येते. चौकोन नसलेल्या लिंकवरचा हा सगळ्यांत सरळ उपाय.

एव्हिन्समध्ये डाव्या क्लिकने लिंक उघडते, डावं बटण ओढलं तर मजकूर निवडला जातो, आणि पान धरून सरकवायला मधलं बटण आहे. तीन कामं दोन बटणांत वाटून दिल्यामुळे इथे भांडण कमी होतं. आतल्या लिंकवर उजवा क्लिक करून ती नव्या खिडकीत उघडता येते: एका खिडकीत मूळ मजकूर, दुसरीत आकृती किंवा संदर्भयादी.

सुमात्रा पीडीएफ पॉइंटरखाली काय आहे ते बघून निर्णय घेतो. मजकुरावरून ओढलं तर निवड, रिकाम्या जागेवरून ओढलं तर पान सरकतं, लिंकवर क्लिक केलं तर लिंक. पॉइंटर थोडा वेळ लिंकवर थांबवला की पत्ता दिसतो. परतीसाठी ऑल्ट आणि डावा बाण.

झथुरामध्ये माऊस चालतो, पण खरी मजा कीबोर्डची. एफ दाबलं की दिसणाऱ्या प्रत्येक लिंकवर क्रमांक येतो. क्रमांक टाइप करून एंटर दाबा, लिंक उघडते. शिफ्टसह एफ दाबलं तर न उघडता पत्ता फक्त दाखवला जातो. लहान चौकोनांनी भरलेल्या अनुक्रमणिकेत माऊसने नेम धरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कंट्रोल-ओ ने मागे, कंट्रोल-आय ने पुढे.

लाटेकमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात आज्ञा लिहून दस्तऐवज जुळवणाऱ्या प्रणालीत, लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गुंता आहे. पानावरच्या जागेवरून मूळ मजकुराच्या ओळीवर उडी मारण्याची सोय, म्हणजे सिंकटेक, हीसुद्धा माऊसवरच बसवलेली असते: एव्हिन्स आणि झथुरामध्ये कंट्रोल-क्लिक, ऑक्युलरमध्ये ब्राउझ साधनात शिफ्ट-क्लिक, सुमात्रात डबलक्लिक, मॅकवरच्या स्किममध्ये कमांड-शिफ्ट-क्लिक. ब्राउझरच्या सवयीने एव्हिन्समध्ये नव्या टॅबसाठी कंट्रोल-क्लिक केलं आणि एडिटर पुढे आला, तर तो बिघाड नाही. सुमात्रात ही उडी लिंकवरून घेऊ नका. डबलक्लिकचा पहिला क्लिक लिंक उघडून मोकळा होतो. शेजारच्या साध्या मजकुरावर डबलक्लिक करा.

लिहिण्याचे प्रोग्रॅम: इथे उलटा नियम

वर्ड आणि रायटरमध्ये डावा क्लिक आधी लेखणीचा. कर्सर शब्दात ठेवता आला पाहिजे, म्हणून लिंक उघडायला कंट्रोल-क्लिक लागतो. फक्त वाचण्यासाठी फाइल उघडणाऱ्यांना हे जाचक वाटतं. बदलायचं असेल तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, आणि संपादनाच्या पर्यायांत 'यूज कंट्रोल क्लिक टू फॉलो हायपरलिंक' वरची खूण काढा. आउटलुकमध्ये ही खूण वेगळी असते: ऑप्शन्स, मेल, एडिटर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड. एकीकडचा बदल दुसरीकडे लागू होईल असं धरून चालू नका. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, सिक्युरिटी, ऑप्शन्स; तिथे लिंकसाठी कंट्रोल-क्लिक लागण्याच्या अटीवरची खूण काढा. पर्याय सुरक्षेच्या विभागात ठेवला आहे हे बरोबरच आहे: नुसत्या क्लिकने पत्ता उघडणं हा धोक्याचाच विषय. दिवसभर लिहिण्याचं काम असेल तर खूण तशीच राहू द्या.

वर्डमध्ये खरा पत्ता पाहायचा असेल तर ऑल्ट-एफ९ दाबा. सगळ्या लिंकच्या जागी आतला कोड दिसतो. पुन्हा दाबलं की पूर्ववत. दाखवलेले शब्द एक आणि नेणारा पत्ता दुसरा, ही जुनी चलाखी अशाने लगेच उघडी पडते.

एक्सेलचा नियम तिसराच. तिथे नुसत्या क्लिकने लिंक उघडते, आणि अडचण येते ती रकाना (सेल) निवडताना. क्लिक करून बटण दाबून धरा, पॉइंटरचा अधिकचिन्हासारखा क्रॉस झाला की सोडा. रकाना निवडला जातो, लिंक उघडत नाही. शेजारच्या रकान्यावरून बाणाच्या कीने येणं त्याहून सोपं.

क्लिक पोहोचतो, पण काही उघडत नाही

पॉइंटरचं बोट होतं, क्लिक बरोबर पडतो, तरी शांतता. मग दोष व्ह्यूअरच्या पलीकडे शोधा. व्ह्यूअर फक्त पत्ता सिस्टिमच्या हातात देतो. ब्राउझर उघडणं सिस्टिमचं काम. उजव्या क्लिकने पत्ता कॉपी करा. विंडोजमध्ये विंडोज-आर दाबून तिथे तो चिकटवा आणि एंटर दाबा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एक्सडीजी-ओपन या आदेशापुढे, मॅकवर ओपन या आदेशापुढे तोच पत्ता द्या. इथेही काही झालं नाही तर व्ह्यूअर निर्दोष आहे. डीफॉल्ट ब्राउझर पुन्हा निवडा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, अॅप्स, डीफॉल्ट अॅप्स. मॅकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सिस्टिम सेटिंग्जमधलं डेस्कटॉप अँड डॉक. ब्राउझर नुकताच काढून टाकला असेल तर हाच गोंधळ झालेला असतो.

सिस्टिमकडून उघडतं आणि व्ह्यूअरमधून नाही, असं लिनक्सवर झालं तर व्ह्यूअरभोवतीची सुरक्षेची कुंपणं पाहा. उबुंटूमध्ये एव्हिन्सवर अॅपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेचे निर्बंध असतात, आणि डीफॉल्ट ब्राउझर स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या रूपात बसवलेला असेल तर लिंक उघडायला नकार मिळतो, हा माहीत असलेला दोष आहे. तो भेटला तर पत्ता कॉपी करून चिकटवणं हा तात्पुरता मार्ग. फ्लॅटपॅक या तशाच बंदिस्त पॅकेजमधून बसवलेल्या व्ह्यूअरला शेजारची फाइल दिसतेच असं नाही, म्हणून एका पीडीएफमधून दुसरीकडे नेणाऱ्या लिंक तिथे अडतात. फोल्डर वाचायची परवानगी दिली की सुटतात.

दुसऱ्या फाइलकडे नेणारी लिंक मोडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण मात्र याहून साधं असतं: मुख्य फाइल मेलने पाठवली, जोडीची फाइल राहिली. किंवा पत्ता बनवणाऱ्याच्या डिस्कवरचा पूर्ण मार्ग म्हणून साठवला गेला, जो इतर कोणाच्या संगणकावर असणं शक्यच नाही.

पीडीएफ बनवणाऱ्यांसाठी

वर्डमधून पीडीएफ काढताना 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' वापरलं की लिंक जातात, कारण प्रिंटरकडे फक्त चित्र आणि अक्षरं पोहोचतात. फाइल, सेव्ह अॅज किंवा एक्स्पोर्ट यातून पीडीएफ काढा. स्कॅन केलेल्या पानात तर लिंक नसतेच. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) केल्यावर मजकूर मिळतो, चौकोन मिळत नाहीत.

लाटेकच्या हायपररेफ या लिंक घालणाऱ्या पॅकेजमध्ये अनुक्रमणिकेतली लिंक मथळ्यावर ठेवायची, पानक्रमांकावर की दोन्हींवर, हे लिंकटॉक या पर्यायाने ठरतं. दोन्हींवर ठेवा; वाचणारा कुठे क्लिक करेल सांगता येत नाही. मुळात लिंकभोवती दिसणारे रंगीत चौकोन पडद्यापुरते असतात, कागदावर छापले जात नाहीत, त्यामुळे ते पाहून दचकू नका. नको असतील तर अक्षरांना रंग देणारा कलरलिंक्स पर्याय घ्या. सगळी खूण पुसून टाकणारा हाइडलिंक्स वापरला तर लिंक कुठे आहे हे वाचणाऱ्याला पॉइंटर फिरवूनच शोधावं लागतं, आणि ते कोणी करत नाही. जुन्या डीव्हीआयपीएसच्या वाटेने, म्हणजे आधी पोस्टस्क्रिप्ट आणि मग त्यातून पीडीएफ, काढत असाल तर लांब लिंक ओळीवर तुटत नाही आणि समासाबाहेर जाते. तिथे ब्रेकयूआरएल हे पॅकेज लागतं. थेट पीडीएफटेक वापरलं तर प्रत्येक ओळीला वेगळा चौकोन मिळतो आणि प्रश्न उरत नाही.

अॅक्रोबॅट प्रोमध्ये हाताने चौकोन काढत असाल तर तो ओळीच्या पूर्ण उंचीचा काढा, पण वरच्या-खालच्या चौकोनाला भिडू देऊ नका. दोन चौकोन एकमेकांवर आले की क्लिक वरच्याकडे जातो आणि लिंक एक ओळ चुकल्यासारखी वाटते. फाइल उघडणारी लिंक जोडताना ती नव्या खिडकीत, त्याच खिडकीत की वाचणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे उघडावी हे विचारलं जातं. शेवटचा पर्याय निवडा.

वेबवरच्या पीडीएफच्या ठरावीक पानाकडे लिंक द्यायची असेल तर पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह, त्यापुढे इंग्रजीत पेज हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पानाचा क्रमांक लिहा. क्रोम, फायरफॉक्स आणि अॅक्रोबॅट तिन्ही हे ओळखतात. क्रमांक मात्र फाइलच्या पहिल्या पानापासून मोजायचा. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेची मिळून आठ पानं असतील, तर ज्या पानावर १ छापलेलं आहे ते इथे ९ असतं.